लोकलिखित ज्ञानकोश : प्रभाव आणि प्रामाण्य



वसंत ऋतूत सायंकाळी व्याख्याने भरवण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या प्रथेने मोठमोठे विद्वान महाराष्ट्राला ऐकवले. मी त्यांपैकी नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो तो आजतागायत. जे थोडे वाचन झाले ते पाळी सुटल्यानंतर, नगर वाचनालयाच्या बाकावर. असे असता ज्ञानकोशांच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस मी का करतो, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या एक मेच्या सभेत मी आमच्या गावातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या जुन्या संपाविषयी बोललो. संपाचे साल सांगितले आणि संप एकवीस दिवस चालला असेही सांगितले. टाळ्या पडल्या. सभा संपली तेव्हा ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त कामगार काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांना सारे नाना म्हणतात. ते म्हणाले, "अरे, साल दोन वर्षांनी चुकवलेस आणि दिवसही चुकवलेस. चाळीस दिवस होते. मी बदली कामगार होतो त्या वेळी. त्या साली माझे लग्न ठरले होते आणि संपामुळे पुढे गेले. मी साल कसा विसरेन? तुला हे सांगितले कोणी?"

मला कोणीच सांगितले नव्हते. सभेला निघण्यापूर्वी मोबाइलवर एक पान उघडून मी ते वाचले होते. ते पान कोणाही वाचकाला दुरुस्त करता येईल अशा प्रकारचे होते, म्हणजे कोणीतरी लिहिलेले आणि कोणीही न तपासलेले. ते कोठले होते याला महत्त्व नाही, कारण दोष माझाच होता. आयुष्यभर मालकाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचा असे कामगारांना सांगणारा मी, एका ओळीवर डोळे मिटून विसंबलो. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मागे लागला. या कोशांवर विश्वास ठेवावा की नाही, ठेवला तर किती ठेवावा, आणि ते लिहिते तरी कोण, हे मी शोधू लागलो. त्या शोधात जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अनेकांनी मिळून कोश लिहावा ही कल्पना इंटरनेटची नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदेरो आणि दालांबेर यांनी जो विश्वकोश काढला त्याचा पहिला खंड १७५१ साली निघाला आणि शेवटचा १७७२ साली. सतरा खंड मजकुराचे आणि अकरा चित्रांचे. त्यासाठी शंभराहून अधिक लेखकांनी लिहिले. एकट्या द जोकूर नावाच्या गृहस्थाने सुमारे सतरा हजार नोंदी लिहिल्या, आणि तरीही त्याचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही. दिदेरो हा सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या शेजारी त्याने विणकर, काचकाम करणारा, लोहार यांच्या धंद्यांना जागा दिली. कारागिरांकडे जाऊन, त्यांना विचारून, यंत्रांची चित्रे काढवून घेतली. कष्ट करणाऱ्याच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट हेही ज्ञानच आहे, ही गोष्ट त्या चित्रांच्या अकरा खंडांनी जगाला दाखवली. राजसत्तेला व धर्मसत्तेला हे मानवले नाही. १७५९ साली कोशाचा परवाना रद्द झाला आणि पुढचे काम चोरून करावे लागले. त्याहून कडू गोष्ट अशी की मुद्रकानेच भीतीपोटी दिदेरोच्या नकळत कित्येक लेखांतील धारदार मजकूर कापून टाकला होता. दिदेरोला ते १७६४ साली कळले, तेव्हा पाने छापून झाली होती. म्हणजे विद्वानांनी लिहिलेल्या आणि नामवंतांनी संपादलेल्या कोशातही कोणाचा तरी हात गुपचूप फिरून गेलेला असू शकतो, आणि वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश तयार करताना संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना जाहीर आवाहन केले : पुस्तके वाचा, शब्द कसा वापरला आहे ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, ग्रंथाचे नाव व पान लिहा आणि आम्हांला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. त्यांत हजारो उत्तम चिठ्ठ्या पाठवणारा एक माणूस डॉ. मायनर नावाचा होता. तो अमेरिकन सैन्यातला शस्त्रवैद्य, भ्रमिष्ट अवस्थेत एका माणसाचा खून केल्यामुळे ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होता. त्याच्या चिठ्ठ्या कोशात आल्या, आणि योग्यच झाले. कारण चिठ्ठी पाठवणारा कोण याला तेथे महत्त्व नव्हते, पुस्तक कोणते आणि पान कोणते याला होते. त्या पानावर ते वाक्य सापडले की काम झाले. हा शब्दकोश १९२८ साली पुरा झाला.

आपल्याकडे पाहू. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून आले आणि परतल्यावर मराठीत ज्ञानकोश काढण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, गावोगाव वर्गणीदार जमवले, मदतनीस लेखक हाताशी धरले आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड महाराष्ट्राच्या हाती दिले. आमच्या वाचनालयात त्यांतले बरेचसे खंड अजून आहेत. पाठीचा कणा मोडलेले, पण वाचता येणारे. मी पहिल्यांदा ज्ञानकोश उघडला तो तोच. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. तर्कतीर्थ १९९४ सालीच गेले होते. हे काम जितके थोर तितकेच संथ. पहिल्या खंडातील माहिती जुनी झाली तरी शेवटचा खंड निघालेला नसतो, ही छापील कोशाची मूळचीच अडचण आहे. त्यात कोणाचा दोष नाही.

आता विकिपीडियाकडे येऊ. त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. २००० साली अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्युपीडिया नावाचा इंटरनेटवरचा ज्ञानकोश सुरू केला. त्यात लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात पायऱ्यांच्या तपासणीतून पार झाल्यावरच प्रसिद्ध करायचे, अशी शिस्त होती. शिस्त उत्तम होती, परंतु पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसएक लेख तयार झाले. कच्चे लेख जमवण्यासाठी म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी शेजारी एक मोकळे अंगण उघडले. वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी युक्ती काढली होती की कोणाही वाचकाला पान तेथल्या तेथे दुरुस्त करता यावे. तिला त्याने हवाई बेटांच्या भाषेतला, लवकर या अर्थाचा 'विकी' हा शब्द लावला होता. तीच युक्ती येथे वापरली. वर्षअखेर त्या अंगणात सुमारे वीस हजार लेख जमले. दिवाणखाना ओस पडला, अंगण भरले. न्युपीडिया २००३ साली बंद झाला.

आज त्या कोशाच्या तीनशेहून अधिक भाषांत आवृत्त्या आहेत. इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत. मराठी आवृत्ती २००३ साली सुरू झाली आणि तिच्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. तेथे जाहिरात नाही, लेखकांना मोबदला नाही, खर्च देणग्यांवर चालतो. एकोणिसाव्या शतकात ज्याने असे भाकीत केले असते त्याला लोकांनी स्वप्नाळू म्हटले असते.

आपण म्हणाल, कोणीही लिहावे आणि कोणीही खोडावे, तर तेथे गोंधळ कसा होत नाही? याचे उत्तर मला माझ्या धंद्यातून मिळाले. आमच्या संघटनेत इतिवृत्ताची वही असते. सभेत काय झाले ते तिच्यात लिहितात, पुढच्या सभेत ते वाचून कायम करतात. चूक निघाली तर पान फाडायचे नाही, दुरुस्ती तारखेनिशी खाली लिहायची. पान फाडणारा चिटणीस आम्ही एक दिवसही ठेवत नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे अशीच वही आहे. 'इतिहास' या शब्दावर बोट ठेवा, म्हणजे पहिल्या दिवसापासून कोणी कधी काय घातले, कोणी काय काढले, ते सारे उघड होते. 'चर्चा' या पानावर त्यामागचा वादही वाचता येतो. दिदेरोच्या मुद्रकाने जे केले ते येथे गुपचूप करता येत नाही. शिवाय तेथे तीन मूळ नियम आहेत : पक्षपात करू नका, प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला आधार द्या, आणि स्वतःचे नवे संशोधन येथे मांडू नका.

आता प्रभावाविषयी. हा कोश केवळ शाळेतली मुले उतरवून घेतात अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी आयर्लंडमधला एक प्रयोग ऐकावा. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांवर कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून दीडशेहून अधिक लेख लिहवून घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांतले निम्मे विकिपीडियावर चढवले आणि निम्मे बाजूला ठेवले. ज्या निर्णयांवर लेख चढले त्यांचा पुढील निकालपत्रांत होणारा उल्लेख वीस टक्क्यांहून अधिक वाढला. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. कोशात नाव आले तर न्यायाधीशाच्या लेखणीपर्यंत पोचते आणि नाही आले तर मागे पडते, असा याचा अर्थ.

आपल्या देशातही हे घडले आहे. २०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या एका खटल्यात, विवाहसदृश संबंध म्हणजे काय हे ठरवताना, विकिपीडियाचा आधार घेतला होता. त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये न्हावा-शेवा बंदरातील सीमाशुल्काच्या एका प्रकरणात इशारा दिला की हे कोश जगभर ज्ञान मोफत पोचवतात हे खरे, पण ते लोकांनी लिहिलेले असल्याने पूर्णतः भरवशाचे नाहीत, म्हणून कायदेशीर वादात जपून वापरावेत. तेरा वर्षांत न्यायालयाची दृष्टी अशी बदलली. आणि आता तर प्रश्नाला उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे निघाली आहेत. त्यांच्या शिकवणीतही हा कोश आहे. ज्याने तो कधी उघडला नाही, त्याच्याही कानी त्याची वाक्ये पडत आहेत.

मग प्रश्न येतो प्रामाण्याचा. २००५ सालच्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक बेचाळीस लेख विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्ही कोशांतून घेतले आणि कोणता कोठला हे न सांगता तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोहोंत चार-चार. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला आणि 'नेचर'ने आपले म्हणणे सोडले नाही. दोन्ही बाजू ऐकूनही एक गोष्ट शिल्लक राहते. अंतर होते, पण लोकांना वाटत होते तितके नव्हते. आणि १७६८ पासून निघत आलेल्या ब्रिटानिकालाही चुका होत्या, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. पुढे २०१२ साली ब्रिटानिकाने छापील आवृत्ती काढणे थांबवले.

परंतु सरासरी हा मोठा फसवा हिशेब असतो. कारखान्यात सरासरी पगार वाढला म्हणून हंगामी कामगाराच्या घरी चूल पेटत नाही. ज्याच्याविषयी खोटे छापले गेले त्याला सरासरीचे समाधान काय? त्याच २००५ साली अमेरिकेतील वयोवृद्ध पत्रकार जॉन सिगेंथॅलर यांच्या चरित्रात कोणीतरी असे घुसवले की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडींचे सहकारी होते. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून जाब विचारला, तेव्हा खळबळ उडाली आणि इंग्रजी आवृत्तीत निनावी माणसाने नवे पान सुरू करण्यावर बंदी आली.

दोष एकट्या कोशाचा नसतो हेही तितकेच खरे. २००९ च्या मार्चमध्ये संगीतकार मोरिस जार यांचे निधन झाले. आयर्लंडमधल्या एका विद्यार्थ्याने परीक्षा पाहण्यासाठी त्यांच्या तोंडी एक सुंदर, पण बनावट वाक्य घालून ते विकिपीडियावर टाकले. कोशाच्या संपादकांनी आधार नाही म्हणून ते काढून टाकले. त्याने पुन्हा टाकले, त्यांनी पुन्हा काढले. मात्र मधल्या थोड्या तासांत अनेक देशांच्या वृत्तपत्रांनी ते उचलून मृत्युलेखांत छापले आणि त्या विद्यार्थ्याने स्वतः कळवीपर्यंत कोणाला शंकाही आली नाही. समजा, तोवर कोणी त्या वृत्तपत्राचाच आधार देऊन ते वाक्य कोशात परत घातले असते, तर? खोट्याला खऱ्याचा शिक्का मिळाला असता. कोशावरून वृत्तपत्र आणि वृत्तपत्रावरून कोश, हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ कोठे होते ते सापडत नाही.

आता मी आपल्या घरच्या एका प्रकरणाकडे येतो. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'डिचोलीचा संघर्ष' या अर्थाच्या मथळ्याचा एक लेख आला. गोव्यातील डिचोलीपाशी १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, असे त्यात सविस्तर वर्णन होते. लेख साडेचार हजार शब्दांच्या आसपासचा, खाली ग्रंथांची नावे, सारे काही यथासांग. दोनच महिन्यांत त्याला 'उत्तम लेख' ही श्रेणी मिळाली. आणि ते युद्ध कधी झालेच नव्हते. लेख सबंध बनावट होता, आधार म्हणून दिलेले ग्रंथही अस्तित्वात नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये एका जागरूक संपादकाने ते ग्रंथ शोधायला घेतले, ते सापडेनात, तेव्हा बिंग फुटले. पाच वर्षांहून अधिक काळ एक न झालेले युद्ध जगापुढे इतिहास म्हणून उभे होते.

श्रोतेहो, येथे बसलेल्या आपणांपैकी किती जणांना हा लेख फसवू शकला असता? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० साली ते दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य तेव्हा कोठले? गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल त्या काळी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढ्यावर होता. डिचोलीचा मुलूख आदिलशाहीत मोडत होता. शाळेत इतिहास मन लावून शिकलेल्या आपल्या मुलानेही मथळा वाचताच भुवया उंचावल्या असत्या. पण ज्यांनी त्या लेखाला श्रेणी दिली त्यांच्यात असे मूल नव्हते. त्यांनी शुद्धलेखन पाहिले, मांडणी पाहिली, तळटीपा मोजल्या. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, जुन्या दप्तरांतून कागद मिळवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. त्यांची परंपरा सांगणारे आपण त्या पानावर पाच वर्षांत एकदाही फिरकलो नाही. चोर घरात शिरला हे वाईटच, पण घरचे लोक घरी नव्हते हेही मान्य केले पाहिजे.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. लोक लिहितात असे म्हणताना कोणते लोक, हे विचारले पाहिजे. तीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. संघटना 'सर्वांची' असते ती घटनेत. प्रत्यक्षात ती सभेला येणाऱ्यांची असते, आणि रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांची त्याहून अधिक असते. ज्याला घरी जाऊन पाणी भरायचे असते, ज्याची दुसरी पाळी असते, जिला स्वयंपाक करायचा असतो, त्यांच्या मागे ठराव पास होतात. याच कोशाचे पाहा. २०१८ च्या ऑक्टोबरात डॉना स्ट्रिकलंड यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. त्या सकाळपर्यंत त्यांच्यावर विकिपीडियात लेख नव्हता. त्याच वर्षी कोणीतरी लेखाचा मसुदा दिला होता, पण त्यांचे महत्त्व सिद्ध करणारे पुरेसे आधार नाहीत म्हणून तो परत गेला होता. या कोशाच्या संपादकांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे, हे वेळोवेळीच्या पाहण्यांतून दिसून आले आहे.

याहून वाईट ते क्रोएशियन आवृत्तीत झाले. तेथे सुमारे दहा वर्षे, २०२० पर्यंत, मोजक्या उजव्या राष्ट्रवादी मंडळींनी व्यवस्थापनाच्या सगळ्या जागा धरून ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धातील तेथील फॅसिस्ट राजवटीचे अत्याचार सौम्य करून दाखवले आणि आक्षेप घेणाऱ्यांना हाकलून दिले. चालक संस्थेने २०२१ साली यावर अहवाल प्रसिद्ध केला. संघटनेची कार्यकारिणी एका टोळीच्या हाती गेली की काय होते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. आणि २०२० सालच्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले की स्कॉट्स भाषेतील आवृत्तीचे हजारो लेख अमेरिकेतल्या एका मुलाने लिहिले होते. त्याला ती भाषा येतच नव्हती. तो इंग्रजी वाक्यात शब्दकोशातले शब्द भरीत होता. त्याच्या मनात कपट नव्हते. पण ज्यांची ती भाषा, ते कोठे होते? मराठीसारख्या भाषेने हे उदाहरण फळ्यावर लिहून ठेवावे. यंत्राने केलेले भाषांतर उचलून मराठी म्हणून चढवणे आज अगदी सोपे झाले आहे. आपण लिहिले नाही तर आपल्या नावाने दुसरा कोणी लिहील, आणि उद्या आपली नातवंडे त्यालाच मराठी समजतील.

आता नानांकडे परत येतो. सभेनंतर दुसऱ्याच दिवशी मी ते मोबाइलवरचे पान उघडले आणि साल व दिवस बदलले. संध्याकाळपर्यंत माझी दुरुस्ती काढलेली होती. शेरा होता : आधार द्या. मला संताप आला. जो माणूस त्या संपात उपाशी राहिला त्याचा शब्द आधार नाही, आणि कोणा अनामिकाची ओळ मात्र आधाराविना चालते! चार दिवसांनी डोके थंड झाले तेव्हा वाटले, मागणी चुकीची नाही. माझ्यासमोर कोणी तोंडी हिशेब आणला असता तर मीही पावती मागितली असती.

वाचनालयाच्या माळ्यावर गावच्या जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली आहेत. दोन रविवार धूळ झाडल्यावर बातमी सापडली. साल नानांचे बरोबर निघाले. दिवस मात्र ना माझे एकवीस, ना नानांचे चाळीस. साप्ताहिकात संप एकतीस दिवसांचा होता. मी अंक आणि पान देऊन दुरुस्ती केली, ती आजही टिकून आहे. मग मी नानांकडे गेलो आणि म्हणालो, "नाना, साल तुमचे, पण दिवस एकतीस." नाना म्हणाले, "चाळीस. पगार चाळीस दिवसांचा बुडाला आहे माझा." बराच वेळ बोलल्यावर उलगडा झाला. संप मिटला एकतिसाव्या दिवशी. पण गिरणी एकदम सुरू झाली नाही. आधी कायम कामगारांना घेतले, साचे टप्प्याटप्प्याने चालू झाले, आणि बदली कामगारांना फाटकावर आणखी नऊ दिवस उभे राहावे लागले. साप्ताहिक खोटे नव्हते आणि नानाही खोटे नव्हते. ते नऊ दिवस मात्र कोणी छापलेच नव्हते, म्हणून ते कोणत्याच कोशात येऊ शकत नव्हते.

दिदेरो कारागिरांकडे गेला होता तो याचसाठी. आधार मागणारा नियम योग्य आहे, तो नसता तर डिचोलीच्या युद्धासारखी शेकडो युद्धे आपण शिकलो असतो. पण जे कधी छापले गेले नाही ते त्या नियमाच्या दाराबाहेर उभे राहते, आणि आपल्या समाजात कोणाचे छापले गेले व कोणाचे नाही, हे मी सांगायला नको. हा दोष कोशाचा नाही. कोश हा आरसा आहे. आपण जे जपून ठेवले नाही ते त्यात कोठून दिसणार?

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. हे कोश टाकून देऊ नका, कारण त्यांनी गरिबाच्या मुलाला जे मोफत दिले ते यापूर्वी कोणी दिले नव्हते. माझ्या तरुणपणी ते असते तर मी आनंदाने वेडा झालो असतो. पण त्यांना अखेरचा शब्द समजू नका, पहिले पाऊल समजा. ओळीशेजारी आधाराचा आकडा आहे का ते पाहा. असेल तर निदान महत्त्वाच्या प्रसंगी तो आधार उघडा. नसेल तर ती ओळ व्यासपीठावरून बोलू नका, जसे मी बोललो. एकदा लेखामागचा इतिहास आणि चर्चा वाचून पाहा, भांडण कशावरून आहे ते कळले की विषयही कळतो. आणि जे आपल्याला ठाऊक आहे, मग तो आपल्या गावचा तलाव असो, आपला धंदा असो, की आपल्या आजीच्या हातचा पदार्थ, तेथे चूक दिसली तर हळहळत बसू नका. आधारासह दुरुस्त करा.

आणि जेथे आधारच नाही तेथे तो निर्माण करा. आमच्या संघटनेने आता जुन्या कामगारांच्या जबान्या लिहून घ्यायला आरंभ केला आहे. नाव, खाते, पाळी, साल विचारतो, वाचून दाखवतो, सही किंवा अंगठा घेतो, आणि दोन साक्षीदार जुळतात का ते पाहतो. नानांची जबानी पहिली. या जबान्यांची पुस्तिका छापण्याचे ठरले आहे. ती कोशाला आधार म्हणून चालेल की नाही यावर वाद होईल. होऊ द्या. वादाच्या पानावर तरी ते नऊ दिवस नोंदले जातील.

आपणांपैकी ज्यांच्या घरी जुन्या पगारपत्रिका, हजेरीची कार्डे, सभांची पत्रके, साप्ताहिकांचे अंक असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचनालयात आणून दाखवावेत, एवढी विनंती करतो. ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे. रविवारी सकाळी मी तेथे असतो.